मॉनिटर घ्यायचाय? आधी खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

पीएचडीला प्रवेश मिळाला की पहिल्या वर्षभरात दोन खरेद्या ठरलेल्या असतात. एक बरी खुर्ची आणि दुसरा मॉनिटर. खुर्ची निदान बसून बघता येते. मॉनिटरचं तसं नाही. दुकानात त्याच्यावर फुलं, मासे, स्पोर्ट्स कार असा भडक रंगांचा व्हिडिओ चालू असतो आणि घरी आणून आपण त्यावर वाचणार असतो दोन कॉलमची पीडीएफ. बेगमपुऱ्यात, पहाडसिंगपुऱ्यात खोली करून पेट-नेटची तयारी करणारे ज्युनिअर भेटले की हल्ली हा प्रश्न हमखास येतो: "ताई, दिवसभर वाचन-लेखन, रात्री तासभर व्हॅलोरंट. पैसे एकाच स्क्रीनचे आहेत. कोणती घेऊ?"

मी याचं उत्तर मॉडेलच्या नावात देत नाही. मॉडेल सहा महिन्यांत बदलतात. पण हा प्रश्न मला आवडतो, कारण संशोधनाच्या पहिल्या सत्रात जे शिकवतात ते सगळं यात आहे. प्रश्न मोजता येईल असा मांडणे, व्याख्या तपासणे, मोजमाप कोणी आणि कोणत्या परिस्थितीत केलं ते विचारणे. फरक एवढाच की इथे चूक झाली तर मार्क जात नाहीत, स्वतःचे दहा-वीस हजार जातात. आणि खोलीभाडं, मेस आणि झेरॉक्समधून उरलेले दहा-वीस हजार म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

तर आधी प्रश्न. "चांगला मॉनिटर कोणता?" हा संशोधनप्रश्न नाही, ही चर्चा झाली. कशासाठी चांगला, किती वेळासाठी, कोणत्या अंतरावरून, कोणत्या कॉम्प्युटरला जोडून, हे आलं की प्रश्न मोजता येतो. एक साधा हिशेब करा. दिवसाला आठ तास स्क्रीनसमोर, वर्षाचे तीनशे दिवस, पीएचडीची पाच वर्षं. बारा हजार तास होतात. त्यात रोज एक तास गेम धरला तर दीड हजार तास. म्हणजे जाहिरातीत "गेमिंग मॉनिटर" लिहिलेलं असलं तरी तुमच्या हातात तो आठातले सात भाग वाचनाचं यंत्र असणार आहे. हे प्रमाण तुमचं वेगळं असेल, पण ते आधी कागदावर लिहा. नमुना न ठरवता आकडे गोळा करायला निघालेला संशोधक आणि वापर न ठरवता दुकानात गेलेला गिऱ्हाईक, दोघांचं सारखंच होतं. समोरचा जे दाखवेल ते पटतं.

इंच आणि पिक्सेल

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात इंच असतात. इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी. त्यावरून डोळ्यासमोर काहीच येत नाही, म्हणून मी ते सेंटिमीटरमध्ये काढते. बाजारात ज्याला २४ इंची म्हणतात तो बहुतेक वेळा २३.८ इंच असतो. त्याची दिसणारी जागा साधारण ५२.७ सेंटिमीटर रुंद आणि २९.६ सेंटिमीटर उंच. आता ए-फोर कागदाची उंची आठवा, २९.७ सेंटिमीटर. म्हणजे २४ इंची स्क्रीनवर ए-फोरचं पान खऱ्या आकारात जवळजवळ उभं राहतं, आणि शेजारी दुसरं पान ठेवून वर दहा सेंटिमीटर रुंदी उरते. फक्त वरची टूलबार आणि खालची पट्टी धरली तर पान थोडं लहान करावं लागतं. २७ इंचीची जागा ५९.८ बाय ३३.६ सेंटिमीटर. तिथे दोन पानं टूलबारसकट खऱ्या आकारात बसतात. डावीकडे संदर्भाचा पेपर, उजवीकडे आपलं प्रकरण. पंधरा इंची लॅपटॉपवर हेच काम करताना आपण दिवसभर खिडक्या मागेपुढे करत असतो आणि त्या मागेपुढे करण्यात वाक्य कुठे होतं ते विसरतो.

पण मोठं म्हणजे स्पष्ट नव्हे. स्पष्टता ठरते एका इंचात किती पिक्सेल आहेत यावर, ज्याला पीपीआय म्हणतात. १९२०×१०८० चे साधारण २०.७ लाख पिक्सेल २४ इंचात बसवले तर सुमारे ९३ पीपीआय मिळतो. तेवढेच पिक्सेल २७ इंचात पसरले की तो ८२ वर येतो. पोळी तेवढ्याच कणकेची, फक्त मोठी लाटली. २७ इंचात २५६०×१४४० असेल तर १०९ आणि ४के, म्हणजे ३८४०×२१६०, असेल तर १६३.

हे आकडे डोळ्याशी कसे जोडायचे? चांगली नजर असलेला माणूस साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक तपशील वेगळा ओळखू शकतो. म्हणजे एका अंशात साठ पिक्सेल असले की पिक्सेलची जाळी दिसेनाशी होते, असा ढोबळ नियम. मॉनिटर आपण साधारण ६० सेंटिमीटरवर ठेवतो. त्या अंतरावर एक अंश म्हणजे स्क्रीनवरचा जेमतेम एक सेंटिमीटर. हिशेब केला तर २७ इंची फुल एचडीवर एका अंशात ३४ पिक्सेल पडतात, २४ इंची फुल एचडीवर ३८, २७ इंची १४४० वर ४५ आणि २७ इंची ४के वर ६७. साठच्या पुढे फक्त शेवटचा गेला. तुम्ही मॉनिटर मागे सरकवलात तर हे सगळे आकडे वाढतात, पण अक्षरं लहान होतात. फुकट काहीच नाही.

इंग्रजी परीक्षणं वाचताना एक गोष्ट निसटते. ती सगळी रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असतात. आपण देवनागरी वाचतो. बारा पॉइंटचा टाइप कागदावरच्या मूळ आकारात दाखवायचा तर ९३ पीपीआयच्या स्क्रीनवर उंचीला साधारण पंधरा पिक्सेल मिळतात. रोमनला ते पुरतात. देवनागरीत त्याच पंधरात शिरोरेषेच्या वरची वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मधलं अक्षर, आणि खाली उकार, ऋकार, कधी पाय मोडलेलं जोडाक्षर, एवढं बसवायचं असतं. अक्षराच्या मुख्य अंगाला मग सात-आठ पिक्सेल उरतात. "द्ध" आणि "द्व", "ष्ट" आणि "ष्ठ" यांत फरक करायला आपण जे डोळे बारीक करतो ते त्यामुळे. जुन्या मराठी ग्रंथांची स्कॅन असली तर आणखीच. १०९ ला तेच पंधरा अठरा होतात, १६३ ला सत्तावीस. म्हणून इंग्रजीत वाचन करणाऱ्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला २४ इंची फुल एचडी पुरेसा आहे असं मी सहज म्हणेन, पण मराठी, इतिहास, संस्कृत, पाली यांत काम करणाऱ्याला म्हणेन की पीपीआयवर पैसे घाल, हर्ट्झवर नंतर बघू. आणि २७ इंची फुल एचडी मात्र कोणीच घेऊ नये. स्वस्त मिळतो, दुकानदार आग्रह करतो, खोलीत दिसतोही मोठा. ८२ पीपीआयवर मराठी वाचणं म्हणजे वाळूवर वाचणं.

४के घेतला तर विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्क्यांवर ठेवावं लागतं, नाहीतर मेनूची अक्षरं मुंगीएवढी दिसतात. तसं केलं की जागा २५६०×१४४० इतकीच मिळते, पण प्रत्येक अक्षर जास्त पिक्सेलांनी रेखलेलं असतं. वाचनाला उत्तम. गेमला मात्र हेच महागात पडतं. फुल एचडीच्या तुलनेत १४४० ला १.७८ पट पिक्सेल दर फ्रेमला रंगवावे लागतात, ४के ला बरोबर चौपट. ते रंगवणारं ग्राफिक्स कार्ड तुमच्याकडे आहे का?

हर्ट्झ म्हणजे काय, आणि चितेगावचा याच्याशी काय संबंध

रिफ्रेश रेट म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते. ६० हर्ट्झला प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, ७५ ला १३.३, १४४ ला ६.९, २४० ला ४.२. वजाबाकी करून बघा. ६० वरून १४४ वर गेलात तर जवळपास दहा मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर गेलात तर पावणेतीनच. किंमत मात्र त्या प्रमाणात कमी वाढत नाही. जाहिरात नेहमी हर्ट्झमध्ये बोलते कारण १४४ आणि २४० मधला फरक ९६ दिसतो. मिलिसेकंदात सांगितलं तर कोण घेईल? एकच राशी दोन एककांत मांडली की तिचा परिणाम कसा बदलतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला वर्गात मिळालेलं नाही.

पण फ्रेम उशिरा येण्यापेक्षा जास्त जाणवतो तो धूसरपणा. आजचे एलसीडी एक चित्र दाखवतात आणि पुढचं येईपर्यंत ते तसंच धरून ठेवतात. तुमचा डोळा मात्र हलणाऱ्या वस्तूमागे सलग फिरत असतो. डोळा पुढे गेला, चित्र जागेवरच, म्हणून ते डोळ्याच्या पडद्यावर फासलं जातं. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने जाणारी वस्तू ६० हर्ट्झवर सुमारे १६ पिक्सेल फासलेली दिसते, १२० वर ८, २४० वर ४. मॉनिटर कितीही भारी असला तरी चित्र धरून ठेवण्याची पद्धत तीच असेल तर हा हिशेब चुकत नाही.

जुन्या ट्यूबच्या मॉनिटरला हा आजार नव्हता. सीआरटीत इलेक्ट्रॉनांचा झोत फॉस्फरवर आदळतो, ठिपका क्षणभर उजळतो आणि पुढचा झोत येईपर्यंत विझलेला असतो. चित्र धरून ठेवलं जातच नाही, म्हणून हलणारी वस्तू स्वच्छ दिसते. सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक खेळून मोठी झालेली पिढी अजून "ट्यूबवर जी मजा होती" म्हणते ना, ते नुसतं गतकातरपण नाही. त्यामागे भौतिकशास्त्र आहे.

आणि ही ट्यूब आपल्या शहराच्या ओळखीची आहे. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. नंदलाल धूत यांनी उभ्या केलेल्या या उद्योगाने १९८० च्या दशकात जपानच्या तोशिबाच्या तांत्रिक सहकार्याने रंगीत टीव्ही बनवायला सुरुवात केली आणि औरंगाबाद हे नाव देशभरच्या खोक्यांवर गेलं. २००५ मध्ये या कंपनीने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा जागतिक व्यवसाय घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन इथले कारखाने. त्या वेळी जगात विकल्या जाणाऱ्या टीव्हींत ट्यूबचेच जास्त होते, त्यामुळे आकडा बघून निर्णय चुकीचा वाटला नसता. पण तीन वर्षांत, २००८ च्या सुमारास, जगभरच्या विक्रीत एलसीडी ट्यूबच्या पुढे गेले. पुढे कंपनी तेल, टेलिकॉम अशा बऱ्याच दिशांना गेली, कर्ज वाढत गेलं, आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. ट्यूबमुळेच सगळं झालं असं मी म्हणणार नाही, एवढ्या मोठ्या घटनेला एकच कारण चिकटवणं हा प्रबंधात लाल शाईने खोडला जाणारा प्रकार आहे. पण चितेगावच्या आसपासच्या गावांत ज्यांच्या घरातला एखादा माणूस त्या गेटमधून आत जायचा, त्यांना पडदा बदलणं म्हणजे काय हे खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा चांगलं कळतं.

ट्यूब हरली ती हालचालीच्या स्पष्टतेत नव्हे. ती जड होती, टेबलाची अर्धी जागा खायची, वीज जास्त घ्यायची, आणि तिच्यावर दिवसभर मजकूर वाचणं त्रासाचं होतं. लोकांनी आठातल्या सात भागांसाठी मत दिलं.

"१ मिलिसेकंद": एका व्याख्येची गोष्ट

संशोधनपद्धतीच्या तासाला कार्यात्मक व्याख्या नावाचा मुद्दा येतो आणि निम्मा वर्ग तिथे झोपतो. मॉनिटरचं खोकं घ्या, जाग येईल. जवळपास प्रत्येक गेमिंग मॉनिटरवर "१ एमएस" लिहिलेलं असतं. कशाचं एक मिलिसेकंद?

एक अर्थ असा की एक पिक्सेल एका करड्या छटेतून दुसऱ्या करड्या छटेत जायला लागणारा वेळ. पण किती छटा, कुठून कुठे? शेकडो जोड्या संभवतात. त्यातली सगळ्यात वेगवान जोडी निवडली तरी "१ एमएस पर्यंत" हे वाक्य खोटं ठरत नाही. शिवाय मोजताना परंपरेने बदलाचे पहिले दहा आणि शेवटचे दहा टक्के सोडून दिले जातात. नेमकं शेवटचं शेपूटच डोळ्याला दिसतं. वेग वाढवण्यासाठी पिक्सेलला गरजेपेक्षा जास्त जोर दिला जातो, त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. जोर फार झाला की पिक्सेल हवी ती छटा ओलांडून पुढे जातो आणि हलणाऱ्या वस्तूमागे उलट्या रंगाची भुताटकी सावली उमटते. एक मिलिसेकंदाचा आकडा बऱ्याचदा याच सगळ्यात जास्त जोराच्या सेटिंगवर मिळालेला असतो. ते सेटिंग लावून कोणी खेळत नाही.

दुसरा अर्थ म्हणजे एमपीआरटी. यात पिक्सेल बदलायचा वेळ मोजतच नाहीत, डोळ्याला चित्र किती वेळ दिसतं ते मोजतात. बॅकलाइट मधेच विझवून हा वेळ कमी करता येतो. ट्यूबची नक्कल म्हणा. स्क्रीन त्यामुळे अंधारते आणि काहींचे डोळे दुखतात. म्हणजे दोन वेगळ्या राशी, एकच एकक, एकच आकडा, आणि खोक्यावर कोणती ते बारीक अक्षरात. असं तुमच्या प्रबंधात कोणी केलं तर बाहेरचे परीक्षक काय म्हणतील याचा विचार करा. माझा सल्ला सरळ आहे: हा आकडा तुलनेत धरूच नका. स्वतः कॅमेऱ्याने किंवा सेन्सरने मोजणारे परीक्षक असतात, त्यांचे सगळ्या छटांचे सरासरी आकडे बघा.

अभ्यास काय सांगतो, आणि किती सांगतो

फ्रेम रेट महत्त्वाचा की रिझोल्यूशन, यावर अमेरिकेतल्या वुस्टर पॉलिटेक्निकमधल्या मार्क क्लेपूल आणि सहकाऱ्यांचं २००६ च्या सुमाराचं काम गेमिंगच्या संशोधनात पुन्हा पुन्हा उद्धृत होतं. फर्स्ट पर्सन शूटर गेम खेळणाऱ्यांची कामगिरी त्यांनी वेगवेगळ्या फ्रेम रेटला आणि रिझोल्यूशनला तपासली. निष्कर्ष असा की कामगिरीवर फ्रेम रेटचा परिणाम मोठा, रिझोल्यूशनचा फारच थोडा. झालं, दुकानदाराच्या हातात कोलीत. "बघा मॅडम, रिसर्च आहे, हर्ट्झ घ्या."

पण थांबा. त्या प्रयोगात फ्रेम रेट सेकंदाला ३ पासून ६० पर्यंत होता. साठच्या पुढे काय होतं हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. रिझोल्यूशनही आजच्या मानाने खूपच लहान होतं. आणि मोजलं काय, तर गेममधली कामगिरी. वाचनाचा थकवा नव्हे, चित्राचं सौंदर्य नव्हे. अभ्यास चांगलाच आहे. त्याच्या कक्षेबाहेरचं उत्तर त्याच्या तोंडी घातलं तर चूक आपली. साहित्याचा आढावा लिहिताना "अमुक यांच्या मते फ्रेम रेट महत्त्वाचा आहे" असं एक वाक्य लिहून पुढे जायची जी सवय आपल्याला लागते, ती इथेच मोडा. कोणत्या पल्ल्यात, कोणावर, काय मोजून, हे तीन शब्दसमूह त्या वाक्यात आले पाहिजेत.

मग १४४ हर्ट्झ तुम्हाला जाणवेल का? यासाठी कोणाचा अभ्यास लागत नाही, मित्राकडे असा मॉनिटर असेल तर अर्ध्या तासात कळतं. मित्राने नाणं उडवायचं. छापा आला तर ६० हर्ट्झ, काटा आला तर १४४. सेटिंग बदलताना तुम्ही खोलीबाहेर. आत येऊन माउस फिरवा, पान सरकवा, थोडं खेळा आणि सांगा कोणतं आहे. वीस वेळा. निव्वळ अंदाजाने सांगणाऱ्याची पंधरा किंवा जास्त उत्तरं बरोबर यायची शक्यता सुमारे दोन टक्के आहे. चौदा किंवा जास्तची जवळपास सहा टक्के. तेव्हा पंधराची रेषा आधीच ठरवून कागदावर लिहा, चौदा आल्यावर "जवळपास आलंच की" म्हणायचं नाही. आणि दहाच वेळा करून आठ बरोबर आले तर खूश होऊ नका, तेवढं नुसत्या नशिबाने साडेपाच टक्के वेळा होतं.

माझा अंदाज, माउस फिरवताना तुम्ही बहुतेक सगळे ओळखाल. मग हाच प्रयोग फक्त पीडीएफ वाचून करा, सरकवायची नाही, नुसतं वाचायचं. तिथे ओळखता आलं नाही तर तुमच्या बारा हजार तासांपैकी बहुतेक तासांना त्या हर्ट्झचा उपयोग नाही, हे तुमच्याच आकड्यांनी सिद्ध झालं. आपला प्रयोग, आपलं गृहीतक. याला नैतिक समितीची मंजुरीही लागत नाही.

पॅनेल, रंग आणि डोळे

इथे थोडक्यात, कारण निर्णय सोपा आहे. वाचन आणि गेम दोन्ही असेल तर आयपीएस पॅनेल. रंग बरे, बाजूने बघितलं तरी फिके पडत नाहीत. व्हीए पॅनेलचा काळा रंग जास्त काळा असतो, काँट्रास्ट साधारण तिप्पट, सिनेमाला छान. पण अंधारी दृश्यं हलताना काळा रंग फासल्यासारखा दिसतो आणि गेममध्ये तेच खटकतं. टीएन आता घ्यायचं कारण उरलेलं नाही. ओएलईडीत हालचाल आणि काळा रंग दोन्ही अप्रतिम, पण दिवसभर एकाच जागी राहणारी टास्कबार आणि वर्डची पट्टी कायमची उमटायचा धोका असतो. शिवाय त्यांची उपपिक्सेलांची मांडणी वेगळी असल्याने अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसू शकते. आपल्या बजेटमध्ये तो येतही नाही, सोडा.

रंगांच्या बाबतीत "४५ टक्के एनटीएससी" असं लिहिलेलं दिसलं तर समजा की एसआरजीबीचा दोन तृतीयांशाच्या आसपासचाच भाग दिसेल. मजकुराला चालतं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर, नकाशांवर, सूक्ष्मदर्शकातल्या छायाचित्रांवर काम असेल तर चालत नाही, तिथे एसआरजीबी ९५ टक्क्यांच्या वर हवं. आणि "एचडीआर ४००" या शिक्क्याला जास्त पैसे देऊ नका. त्यात स्क्रीनचे भाग वेगवेगळे उजळायची-मंद करायची अटच नाही, त्यामुळे खरा एचडीआर दिसत नाही.

निळा प्रकाश? निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवर २०२३ मध्ये कोक्रेनचा पद्धतशीर आढावा आला. सतरा यादृच्छिक चाचण्या एकत्र तपासून त्यांनी म्हटलं की साध्या चष्म्याच्या तुलनेत डोळ्यांचा ताण अल्पकाळात बहुधा कमी होत नाही. चष्मा आणि मॉनिटरचा निळा फिल्टर एकच नव्हे, तेव्हा हा निष्कर्ष तसाच उचलून मॉनिटरला लावू नका. पण "आय केअर" या दोन शब्दांसाठी वेगळे पैसे मोजण्याआधी पुरावा मागा. डोळे कोरडे होतात ते मुख्यतः स्क्रीन बघताना आपण पापण्या कमी मिटतो म्हणून. एप्रिल-मे मध्ये कूलरच्या झोतात बसून वाचलं तर आणखी. मॉनिटरला उंची कमीजास्त करणारं स्टँड असेल तर त्याला मी फिल्टरपेक्षा जास्त गुण देते. नसेल तर खाली दोन जाड गॅझेटियर ठेवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली आणा. खिडकी पाठीमागे किंवा समोर नको, बाजूला हवी.

घेण्याआधी आपलं यंत्र बघा

बहुतेकांकडे लॅपटॉप असतो आणि त्याला एक एचडीएमआय पोर्ट. तो १.४ असेल तर फुल एचडीवर १२० हर्ट्झपर्यंत आणि १४४० वर साधारण ७५ पर्यंतच मजल जाते. मग १४४० चा १८० हर्ट्झवाला मॉनिटर लावूनही तो तुम्हाला ७५ च देणार. एचडीएमआय २.० असेल तर १४४० ला १४४ मिळतो, ४के ला ६०. टाइप-सी पोर्ट दिसला म्हणून त्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही, त्याला डिस्प्लेपोर्टची सोय असावी लागते. ही माहिती लॅपटॉपच्या मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर मिळते. आणि गेम सुरू करून फ्रेमचा आकडा स्क्रीनवर आणा. लॅपटॉप सेकंदाला पन्नास फ्रेमच काढत असेल तर १४४ हर्ट्झची स्क्रीन त्या पन्नास वाढवून देणार नाही. अशा वेळी अडॅप्टिव्ह सिंक उपयोगी पडतं, स्क्रीन फ्रेमच्या वेगाशी जुळवून घेते आणि चित्र मधोमध फाटत नाही. पण किती फ्रेमपासून वर ते चालतं, तो पल्ला मॉनिटरच्या माहितीत बघून घ्या.

माझं मत विचाराल तर असं. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही, बजेट दहा हजारांच्या आत: २४ इंची, फुल एचडी, आयपीएस, ७५ किंवा १०० हर्ट्झ. हलके गेम यावर मजेत चालतात. बऱ्यापैकी कार्ड आहे आणि बजेट वीसच्या आसपास: २७ इंची, २५६०×१४४०, आयपीएस, १४४ ते १८० हर्ट्झ. दोन्ही कामांना एकच स्क्रीन घ्यायची असेल तर आज यापेक्षा बरी तडजोड मला दिसत नाही. आणि काम मराठी-संस्कृत स्कॅनचं, गेम फक्त रविवारी: २७ इंची ४के, ६० हर्ट्झ. ३२ इंचांच्या वरच्या मॉनिटरवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय, लहानांना आधीपासूनच १८ होता. त्यामुळे "आता टॅक्स कमी झाला" म्हणून २७ इंचीवर कोणी सूट सांगत असेल तर ती दुकानाची सूट आहे, सरकारची नव्हे.

पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. मेलेल्या पिक्सेलचं धोरण आधी विचारा. एक-दोन मेलेले पिक्सेल अनेक कंपन्या दोष मानतच नाहीत. ऑनलाइन घेतला तर परत करायच्या मुदतीत काळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी अशा सपाट रंगांची चित्रं पूर्ण स्क्रीनवर लावून रात्री अंधारात तपासा. खोकं आणि थर्माकोल माळ्यावर टाका, पुढची खोली बदलताना लागेलच. आणि सगळं जोडून झालं की विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः १४४ करा. बऱ्याचदा तो ६० वरच सुरू होतो, आणि माझ्या ओळखीतल्या एकाने वर्षभर तसाच वापरून "फरक जाणवतोय हां" असं सगळ्यांना सांगितलं होतं.